तोंड येणें : कारणें, उपचार व सावधगिरी

परीक्षा जवळ आली कीं वर्गांतील एखादा विद्यार्थी प्रश्न विचारला असतां नुसती मान हालवितो, मधल्या सुटींत त्याचा डबा तसाच राहतो. चौकशी केल्यास "तोंड आलें आहे" एवढेंच उत्तर मिळतें. हें दुखणें फार सर्वसाधारण आहे. सुमारें पांचांतील एका माणसास तें केव्हां ना केव्हां होतें. पण "उष्णता झाली" असें म्हणून आपण विचार तेथेंच थांबवितों. यास्तव त्याचें खरें स्वरूप समजून घेणें अगत्याचें आहे.

गालांच्या व ओठांच्या आंतील बाजूस किंवा जिभेच्या कडेस वाटोळा, उथळ व्रण पडतो. त्याचा मध्य पांढरट-पिंवळा असून भोंवतालची कड लाल असते. बहुतेक व्रण १ सेंटिमीटरहून लहान असतात, आणि ७ ते १४ दिवसांत वण न ठेवतां आपोआप भरून येतात. क्वचित् होणारे मोठे व्रण मात्र कित्येक आठवडे टिकतात. हा विकार संसर्गजन्य नाहीं. ओठाच्या बाहेरील कडेवर पाण्यानें भरलेले बारीक फोड येतात ते निराळे. ते विषाणूमुळें होतात व एकापासून दुसऱ्यास लागतात.

या विकाराचें एकच एक कारण सांगतां येत नाहीं. कांहीं कुटुंबांत ही प्रवृत्ति पिढ्यान्‌पिढ्या दिसते. मनावरील ताण, जेवतांना गाल चावला जाणें, दांताची तुटकी कड अथवा राठ ब्रश हीं नेहमींचीं निमित्तें होत. लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व यांची उणीव हेंहि एक कारण आहे. यांपैकीं ब-१२ हें मुख्यतः दूध, अंडीं, मासे व मांस यांतून मिळतें. म्हणून शाकाहारी घरांत मुलांच्या दुधाकडे विशेष लक्ष असावें. कित्येकांस टूथपेस्टमधील फेस आणणारें सोडियम लॉरिल सल्फेट बाधतें. तें नसलेली पेस्ट वापरून पाहावी.

उपचार साधे आहेत. पेलाभर कोमट पाण्यांत अर्धा चमचा मीठ विरघळवून दिवसांतून तीन-चार वेळां चुळा भराव्या. तिखट, आंबट व फार ऊन पदार्थ कांहीं दिवस वर्ज्य करावे. मऊ भात, पेज, दूध, केळें असा आहार घ्यावा. वेदना असह्य झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें व्रणावर लावावयाचें मलम घ्यावें. तें आरंभींच लावल्यास अधिक उपयोगी पडतें. ॲस्पिरिनची गोळी व्रणावर धरून ठेवूं नये. तिनें आंतील नाजूक त्वचा भाजते. तोंड वारंवार येत असेल तर मनानेंच गोळ्या घेत न बसतां रक्त तपासून घ्यावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वेदना हें धोक्याचें माप नव्हे. जो लहान व्रण फार झोंबतो तो बहुधा निरुपद्रवी असतो. उलट कर्करोगाचा व्रण आरंभीं दुखतहि नाहीं. म्हणून वेदना नव्हे, दिवस मोजावे. कोणताहि व्रण तीन आठवड्यांत भरला नाहीं, तर तो दुखो वा न दुखो, डॉक्टरांस दाखविलाच पाहिजे. तोंडाबरोबर ताप, डोळ्यांची लाली, दीर्घकाळचे जुलाब किंवा वजन घटणें असेल तर तितकीहि वाट पाहूं नये. घरांत कोणी तंबाखू अगर सुपारी खात असेल तर ही दक्षता दुप्पट हवी. सुपारीनें तोंडाची आंतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासें होतें, आणि पुढें त्यांतून कर्करोगहि संभवतो. महाराष्ट्रांत २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु कायद्याचा पहारा तोंडापर्यंत पोंचत नाहीं, तेथें स्वतःचाच निग्रह लागतो.

विद्यार्थ्यांनीं एका वहींत व्रण कधीं उठला, कोठें उठला व कधीं भरला हें लिहून ठेवावें. पालकांनींहि महिन्यांतून एकदां आपल्या मुलांचें व घरांतील वडील माणसांचें तोंड उजेडांत पाहावें. एवढ्याशा दक्षतेनें लहान दुखणें लहानच राहील, आणि मोठें असेल तर तें वेळींच ओळखतां येईल.