फेरिटीन वाढलंय? आधी हे ऐक

बाळा, कोल्हापुरात राजारामपुरीत पहिल्या गल्लीपासून निघून दवाखाने नि लॅबा मोजत गेलास तर चपला झिजतील. त्यातल्याच एका लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या फिरवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. म्हणून सांगतो, रिपोर्टात ठळक छापलेला आकडा बघून घाम फोडून घ्यायचा नाही.

पुरुषाचं फेरिटीन साधारण 300 पर्यंत चालतं, तुझं त्याच्या दुप्पट आलंय. पण फेरिटीन म्हणजे लोह नव्हे, शरीर ज्या प्रथिनात लोह साठवतं ते. तुला हेपॅटायटिस सी झालाय. त्याचा विषाणू यकृतात ठाण मांडून बसतो, पेशी फुटतात आणि आतलं फेरिटीन रक्तात सांडतं. शिवाय हा विषाणू हेप्सिडिन नावाचं संप्रेरक दाबतो. आतड्यातून लोह किती आत घ्यायचं याचा लगाम हेप्सिडिनच्या हातात असतो. तो सैल पडला की लोह जास्त शिरतं. म्हणजे दोन्ही शक्य आहे, नुसती यकृताची सूज किंवा खरोखरचा साठा.

ओळखायचं कसं? सीरम आयर्न आणि टीआयबीसी करून घे. आयर्नला टीआयबीसीने भागायचं नि शंभराने गुणायचं. आयर्न 90 आणि टीआयबीसी 300 असेल तर 30 टक्के झाले. मग फेरिटीन बहुधा सुजेनंच वाढलंय. 45 च्या वर गेलं तर डॉक्टरांशी साठ्याबद्दल बोलायचं. रक्त सकाळी उपाशीपोटी दे, आयर्न दिवसभर वरखाली होत असतं.

आता खरी गोची ऐक. तुझ्या कोर्समध्ये सोफोसबुविर-वेल्पाटासविरबरोबर रिबाव्हिरिन आहे. ते सगळ्यांना देत नाहीत. तुझं यकृत आकसून त्याचं कामही ढासळलंय, म्हणून दिलंय. रिबाव्हिरिन तांबड्या पेशी फोडतं. हिमोग्लोबिन उतरतं आणि फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं. एका कागदावर रक्त कमी, दुसऱ्यावर लोह जास्त! घरचे पहिलाच कागद वाचतात आणि खजूर, बीट, टॉनिकची बाटली सुरू. लेका, हा अशक्तपणा लोहाच्या कमतरतेचा नाहीच, तर टॉनिक कशाला? हिमोग्लोबिन 10 च्या खाली आलं तर डॉक्टर रिबाव्हिरिनचा डोस कमी करतील. दम लागला, छातीत दुखलं तर त्याच दिवशी गाठायचं त्यांना. आपल्या मनानं कोर्सच्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत, लोह कितीही दिसू दे.

सूनबाईला औषधांचं कपाट तपासायला सांग. लोहभस्म, मंडूरभस्म, लोहासव, मल्टीव्हिटॅमिन, जे असेल ते डॉक्टरांना दाखवायचं. ॲसिडिटीची गोळीसुद्धा. तिच्यामुळं वेल्पाटासविर नीट अंगी लागत नाही.

खाण्याचा मी फार बाऊ करणार नाही. बिडाचा तवा, गुळाचा खडा राहू दे. रविवारी कलेजीची वाटी तेवढी भावाकडं सरकव. रस्सा बंद कर म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस, पण पायावर सूज असेल तर लोहापेक्षा त्यातलं मीठ तुला जास्त नडेल. दारू मात्र थेंबभर नाही. ती यकृत तर जाळतेच, वर लोहही साठवते.

तालमीत कुणीतरी शहाणा सांगेलच, शिबिरात रक्त देऊन ये, लोह उतरतं. बिलकूल जायचं नाही. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह माणसाचं रक्त रक्तपेढी घेत नाही, आणि ती चाचणी विषाणू गेल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते. लोहासाठी रक्त काढायचंच झालं तर ते डॉक्टर ठरवतील. तुझ्यासारख्या हिमोग्लोबिन उतरलेल्याचं कोण काढणार?

खर्चाची काळजी असेल तर 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं फुकट मिळतात. सीपीआर रुग्णालयात जाऊन चौकशी कर.

कोर्स संपल्यावर 12 आठवड्यांनी विषाणूची आरएनए चाचणी करतात. फेरिटीन तेव्हाच परत बघ, विषाणू गेला की बहुतेकांचं उतरतं. नाही उतरलं तर साखर, यकृतातली चरबी बघायची. अनुवंशिक लोहसाठ्याचा आजार आपल्याकडं विरळा, पण आयर्न-टीआयबीसीची टक्केवारी चढलेलीच राहिली तर त्याबद्दलही डॉक्टरांना विचार. आणि विषाणू गेला तरी आकसलेल्या यकृताची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी करावीच लागते. तारीख सूनबाईला सांगून ठेव, तुझा मला भरवसा नाही.