तालीम आणि अनुभव : अभिनयशिक्षणाविषयी काही विचार

अभिनय शिकवता येतो की अनुभवानेच येतो, हा प्रश्न नाटकाच्या तासाला दरवर्षी निघतो. मला त्याची मांडणीच सदोष वाटते. नाटक मंडळ्यांत अनुभव ही शिक्षणाहून वेगळी गोष्ट नव्हती. मुलगा मंडळीत दाखल झाला की किरकोळ कामे करी, नक्कल पाठ करी, विंगेत उभा राहून रोज मोठ्या नटाचे काम पाही. अनुभवाचीही तेथे एक शिस्त होती.

शाहूनगरवासी मंडळीचे उदाहरण बोलके आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले आणि गणपतराव जोशी यांनी ती भूमिका अजरामर केली. या मंडळीला तालीम देणारे 'त्राटिका'कार वासुदेवराव केळकर हे पेशाने नट नव्हते, प्राध्यापक होते. (आम्हा प्राध्यापकांना हे आठवून बरे वाटते, ते सोडा.) वाक्याचा अर्थ, त्यातला उपरोध, कोणत्या शब्दावर भार द्यायचा, हे त्यांना सांगता येत होते. भरलेल्या नाट्यगृहात ते वाक्य पेलणे गणपतरावांच्याच वाट्याचे होते.

आमच्या भागातले उदाहरण रामभाऊ कुंदगोळकरांचे, म्हणजे सवाई गंधर्वांचे. हुबळीजवळच्या कुंदगोळच्या या गायकाने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे गाण्याची तालीम घेतली आणि मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवल्या. गाणे गुरूसमोर बसून घोटता आले. सुभद्रेचा रुसवा रंगमंचावरच उतरवावा लागला असणार.

भरताने अभिनय चतुर्विध मानला. त्यातील आंगिक, वाचिक आणि आहार्य यांच्या चुका दाखवता येतात. धारवाडच्या माझ्या वर्गात घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलणारी मुले असतात. 'चाक' आणि 'चार' यांतला च वेगळा आहे, हे दहा मिनिटांत समजावता येते. सात्त्विकाचे तसे नाही. त्याला भरताने मनाची एकाग्रता आवश्यक मानली. ती नुसत्या वर्षांनीही येत नाही. वीस वर्षे तेच हातवारे करणारे नट आपण सर्वांनी पाहिले आहेत.

बी. व्ही. कारंत आधी गुब्बी कंपनीत वाढले आणि मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात शिकले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी जे अंगात मुरले, त्याला नाव देण्याचे काम शाळेने केले.

आमच्या महाविद्यालयांत मात्र दोन्हींची वानवा आहे. नाटकाचा पेपर लेखी. एकांकिकेची तालीम महिनाभर चालते आणि प्रयोग स्पर्धेपुरता एकच होतो. हशा अपेक्षेपेक्षा उशिरा आला तर पुढचे वाक्य किती थांबवायचे, हे दुसऱ्या प्रयोगात कळते. तो दुसरा प्रयोगच होत नाही. म्हणून यंदा आम्ही स्पर्धेनंतर संच मोडलेला नाही. खानापूर तालुक्यातील पाच गावांत तीच एकांकिका करायची आहे आणि प्रत्येक प्रयोगानंतर दुसऱ्या दिवशी वर्गात तिची चिकित्सा.