इनलाइन एकच, कंपायलरांचे कायदे वेगळे

प्रश्न : हेडरमधलं छोटं इनलाइन फंक्शन जुन्या जीसीसीवर चालतं. नव्यावर ऑप्टिमायझेशन बंद केलं की लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून अडतो. क्लँग तर भलतेच इशारे देतो. इशारेच बंद करावेत का?
— एक वाचक, इच्छापोर (सुरत)

उत्तर : नका करू. २०१५ मध्ये आवृत्ती ५ येईपर्यंत जीसीसी आपला जुना नियम पाळत असे : नुसत्या ‘इनलाइन’ व्याख्येतूनही लिंकरला सापडेल अशी प्रत तयार होई. आवृत्ती ५ पासून तो सी भाषेच्या सी९९ मानकाचा नियम पाळतो; त्यानुसार ती होत नाही. ऑप्टिमायझेशन चालू असलं की फंक्शनचा कोड बहुधा जागच्या जागी भरला जातो आणि उणीव झाकली जाते, इतकंच. जुन्यावरही तुमचं निभावलं ते हेडर बहुधा एकाच फायलीत असल्यामुळे. दोन फायलींत असतं तर ‘मल्टिपल डेफिनिशन’ची बोंब झाली असती. तेव्हा ‘स्टॅटिक इनलाइन’ लिहा, ते सगळीकडे सारखंच वागतं.

यावर आक्षेप येईल की प्रत्येक फायलीत प्रत वाढेल. दोन-तीन ओळींच्या फंक्शनला ते नगण्य. मेमरी तोकडीच असेल तर हेडरमध्ये ‘इनलाइन’ ठेवून एकाच सी फायलीत ‘एक्स्टर्न इनलाइन’ घोषणा द्या. मॅक्रो मात्र नको : वर्ग काढणाऱ्या मॅक्रोला ‘आय++’ दिलं की आय दोनदा वाढतो.

न वापरलेलं स्टॅटिक इनलाइन सी फायलीत असेल तर क्लँग हटकतो, जीसीसी गप्प राहतो. लिनक्स कर्नेलनेही २०१७ मध्ये त्यासाठी सगळे इशारे न मिटवता, फक्त अशा फंक्शनांना ‘अनयूज्ड’ खूण लावली. तुम्हीही तेवढंच करा.