मुंबई–न्यूयॉर्क: तिकिटावरचे तास आणि खरे तास

तिकिटावर छापलेलं असतं: मुंबईहून रात्री १ वाजता, न्यूयॉर्कला सकाळी साडेसात, तारीख तीच. लेकीकडे पहिल्यांदाच निघालेल्या आईबाबांना वाटतं, साडेसहा तासांत अमेरिका! पण या वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाच्या. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्यातले साडेनऊ मिळवले की हिशेब लागतो: सोळा तास.

अंतर सरळ मोजलं तर साधारण १२,५५० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वात जवळची वाट अरबस्तानावरून पश्चिमेला जात नाही. ती मुंबईतून उत्तरेकडे, पाकिस्तान-अफगाणिस्तानावरून चढते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा आपल्या कंपन्यांच्या फेऱ्या लांबल्या त्या याचमुळे. परतीचा प्रवास मात्र तास-दीड तासाने कमी भरतो, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात.

आता पैशांकडे. दुबईमार्गे गेलात तर मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि पुढे ११,००० किलोमीटर. म्हणजे वाट जेमतेम चारशे किलोमीटरनी वाढली, पण थांबा धरून वेळ वीस-बावीस तासांवर जातो. तेव्हा किलोमीटर विसरा, तासाचा भाव काढा. समजा, थेट तिकीट वीस हजारांनी महाग आहे आणि पाच तास वाचतात. तासाला चार हजार पडले. तरुणाने खुशाल वाचवावेत. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या माणसासाठी मी थेट विमानच घेईन.

स्वस्ताईच्या मोहात दोन वेगवेगळी तिकिटं जोडू नका. मधल्या विमानतळावर बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात, बहुतेक वेळा त्या देशाचा व्हिसाही लागतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडाले. भाड्यात बॅगा किती, सीट निवडायचे वेगळे पैसे किती, हे आधी विचारा. इकॉनॉमीवर जीएसटी ५ टक्के आहे. बिझनेसवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, तिचे पैसे पडत नाहीत. (आपल्याकडचे बरेच लोक ती पायांसाठी नव्हे, इमिग्रेशनच्या इंग्रजीसाठी मागतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.)

पुणेकरांनी आणखी एक बेरीज करावी. रात्री १ च्या विमानासाठी दुपारी चारला घर सोडायचं, पलीकडे इमिग्रेशन आणि बॅगांचे दोन तास. घरातून निघून लेकीच्या गाडीत बसेपर्यंत सत्तावीस तास!

आणि तारीख दोनदा वाचा. १२ तारखेचं रात्री १ चं विमान म्हणजे विमानतळावर जायचं ११ तारखेच्या रात्री.