वस्तीवरचं तळं आणि दीड वर्षाचं पोर

मोडनिंबच्या आसपास माळरानावर डाळिंब, द्राक्ष किंवा ऊस जगवायचा तर शेततळ्यावाचून भागत नाही, हे इथं कुणाला सांगायला नको. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि तळ्यांची संख्या आणखी वाढली. भर उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसत असतो, तेव्हा हेच तळं बाग तारून नेतं. पण ज्या वस्तीवर पाच वर्षांच्या आतलं पोर आहे, तिथं त्या तळ्याच्या बाबतीत ‘पोराकडे लक्ष असू द्या’ एवढं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. आधी पोर आणि पाणी यांच्यामध्ये अडसर उभा करावा आणि मग लक्ष ठेवण्याचं बोलावं, असं माझं ठाम मत आहे.

लक्ष कमी पडतं ते आईबाप बेफिकीर असतात म्हणून नव्हे. वस्तीवरचं काम असतंच तसं. थ्री फेज लाइट आली की एकजण मोटारीकडे धावतो आणि दुसरा बारं धरतो. धारा काढायच्या असतात, फवारणीचं पाणी भरायचं असतं, बाया खुरपायला आलेल्या असतात. रांगतं किंवा नुकतंच चालायला लागलेलं लेकरू घरात कुणाकडे आहे, याचा पत्ता नेमका याच वेळी नसतो. आईला वाटतं आजीपाशी आहे, आजीला वाटतं आईच्या मागं गेलंय. बांगलादेशातल्या खेड्यांत लहान मुलांच्या बुडण्याचा बारकाईने अभ्यास झाला. त्यात बहुतेक मुलं घराजवळच्याच तळ्यात, सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, म्हणजे आई कामात गुंतलेली असताना बुडाल्याचं दिसलं. मग त्या वेळात एक ते पाच वर्षांची मुलं गावातल्याच एका बाईकडे, बंद अंगणात सांभाळायला ठेवण्याची सोय केली. तिथं येणाऱ्या मुलांमध्ये बुडून होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. आपल्याकडे अंगणवाडीची शाळा तिसऱ्या वर्षापासून सुरू होते, तीही वस्तीपासून लांब. दीड-दोन वर्षांचं पोर त्या वेळात घरीच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांतला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुलं होती. एवढं लहान मूल बुडताना हाक मारत नाही, हातपाय आपटून आवाजही करत नाही. म्हणून ‘काही झालं तर कळेलच की’ या भरवशावर राहू नये.

यावर जुनी माणसं म्हणतात, आम्ही विहिरीच्या काठावरच वाढलो, आम्हाला कुठं काय झालं? हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण एक तर असं सांगायला वाचलेलेच उरतात. जे गेले त्यांच्या आठवणी त्या घरात कुणी काढत नाही. दुसरं म्हणजे विहीर आणि शेततळं यांत फार फरक आहे. विहिरीवर सतत राबता असायचा, पुष्कळ विहिरींना पायऱ्या होत्या, घरातही खायला-प्यायला घालणारी पाच-सात मोठी माणसं होती. तळ्याकडे दिवसदिवस कुणी फिरकत नाही. त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ धरलेलं आणि चारी बाजूंनी उतार. पाय ठेवला की घसरगुंडीसारखं आत जायचं आणि बाहेर यायला बोट रोवायलाही जागा नाही. चांगला पोहणारा गडीसुद्धा तिथं काठाला येऊन अडकतो. तळ्याची सगळी भीती मला या कागदाचीच वाटते, खोलीची त्या मानाने कमी.

कुंपणाबद्दल आणखी एक गफलत होते. ‘आमच्या रानाला चौफेर तार आहे’ असं लोक समाधानानं सांगतात. रानाचं कुंपण डुकरांना आणि चोरांना अडवतं, घरातल्या पोराला नाही, कारण घर आणि तळं दोन्ही त्याच्या आतच आहेत. परदेशात घरगुती पोहण्याच्या तलावांवर झालेल्या अभ्यासांतूनही हेच निघालं. सगळ्या आवाराला घातलेल्या कुंपणापेक्षा फक्त तलावाला चारी बाजूंनी घातलेलं कुंपण मुलांना कितीतरी जास्त वाचवतं. तेव्हा जाळी तळ्याच्या बांधालाच हवी. ती चार फुटांपेक्षा कमी नको, खालून पोर सरपटून जाईल एवढी फट नको आणि पाय देऊन चढता येतील असे आडवे गज नकोत. फाटक आपोआप लागणारं असावं आणि कडी वरच्या बाजूला असावी. मोटार चालू करायला गेलेला माणूस घाईत फाटक उघडं टाकतो, तेव्हा सगळी जाळी फुकट जाते.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. कागदाचाच खर्च अंगावर येतो, वर जाळी कुठून आणायची? ज्याला आज जमत नाही त्याने उलटा विचार करावा आणि तळ्याऐवजी पोराला कुंपण घालावं. स्वयंपाक करताना नजरेत राहील असा ओट्यापुढचा दहा-पंधरा फुटांचा तुकडा, बांबू रोवून शेडनेटनं चारी बाजूंनी बंद केला, तर त्याला बागेच्या जाळीइतकाही पैसा लागत नाही. ‘पोरं मातीत, मोकळी वाढली पाहिजेत’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. बंद अंगणात माती असते, लिंबाची सावली असते, पोर तिथं दिवसभर उकरत बसू शकतं, आणि आईलाही दर दोन मिनिटांनी हाक मारावी लागत नाही. रांगणाऱ्या मुलासाठी दाराला आडवी फळी लावली तरी पुष्कळ काम होतं. जनावरांचा हौद, बॅरल, न्हाणीतली बादली यांवर झाकण हवं. वर्षाच्या मुलाचं डोकं जड असतं, ते बादलीत वाकलं की त्याला मागं येता येत नाही.

पोहायला शिकवावं का? जरूर शिकवावं, पण सहा वर्षांच्या पुढं. त्याआधी पोहणं जाळीची जागा घेऊ शकत नाही. जाळी असली तरी तळ्याच्या चारी बाजूंना गाठी मारलेले जाड दोर बांधाबाहेर खुंटीला पक्के बांधून पाण्यापर्यंत सोडावेत आणि काठावर हवा भरलेली ट्यूब ठेवावी. बुडणाऱ्याला काढायला गेलेला दुसरा माणूस जातो तो बहुधा या दोराअभावीच. पोर बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोटातलं पाणी काढायला पोट दाबणं यात लाखमोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर ताबडतोब तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छाती दाबणं आणि श्वास देणं आळीपाळीनं चालू ठेवावं आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन लावावा. पंढरपूर किंवा सोलापूर गाठेपर्यंत मेंदू थांबत नाही. घरातल्या दोघांनी तरी हे जवळच्या आरोग्य केंद्रात हातानं करून शिकून घ्यावं.

आणि ज्यांच्या घरात लहान पोर नाही, त्यांनीही तळं उघडं ठेवू नये. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, रानात कोप्या पडतात, आईबाप पहाटेच फडात जातात आणि धाकट्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण उरते. त्या पोरांना इथली वाटही माहीत नसते, तळंही नाही. टोळी यायच्या आधी जाळी आणि फाटकाची कडी एकदा तपासावी आणि कोपी तळ्याच्या बांधापासून जमेल तितकी लांब घालायला लावावी.