टोपी बाजारातला एक प्रबंधविषय

धर्म या विषयात डॉक्टरेट करायची म्हटले की दोन शंका निघतात. त्यासाठी माणूस भाविकच असावा लागतो काय, आणि पोटापाण्याचे काय? दुसरीचे उत्तर वाणिज्य शाखेत शिकूनही मला देता येत नाही. पहिलीचा विचार करू.

ईश्वरविद्या, म्हणजे थिऑलॉजी, श्रद्धेच्या आत उभे राहून मांडतात. पुण्यातील ख्रिस्ती विद्यापीठांत ती रीतसर शिकवली जाते. धर्माचा अभ्यास मात्र बाहेरूनही होतो. आपल्याकडे असा विषय बहुधा तत्त्वज्ञान, इतिहास, समाजशास्त्र किंवा मराठी विभागात नोंदवला जातो.

ग्वाल्हेरचा टोपी बाजार घ्या. दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती १८१० च्या सुमारास वसलेल्या लष्करातला, महाराज बाड्याजवळचा हा भाग. गोरखी येथून दूर नाही. महादजी शिंदे बीडच्या मन्सूरशहांना गुरू मानत, आणि गोरखीत त्यांचे स्थान शिंदे घराण्याने जपले. याच शहरात ढोलीबुवांचा मठ आहे. तानसेन समारोहाच्या आरंभी तानसेनाच्या समाधीपाशी सनई, ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद होतो.

यावर आपण 'सर्वधर्मसमभाव' म्हणून मोकळे होतो. तो प्रबंध नव्हे. प्रबंध विचारील: मठाला व स्थानाला नेमणूक कोणी, किती दिली? संस्थान गेल्यावर खर्च कोणी उचलला? हरिकथेची भाषा कधी, का बदलली? येथे जमाखर्चाची वही पोथीइतकीच बोलकी ठरते, आणि आम्हां वाणिज्यवाल्यांना थोडी जागा मिळते! अडचण एकच, जुन्या मराठी वह्या मोडीत आहेत.

भाषेवाचून या क्षेत्रात गती नाही. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) हा ग्रंथ विठ्ठलाचा माग घेत कर्नाटक-आंध्रापर्यंत जातो, आमच्या कानडी विभागातील मित्रांनी तो जरूर पाहावा. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषी मराठी शिकल्या, महानुभावांच्या सूत्रपाठावर त्यांचा ग्रंथ १९८३ साली निघाला, आणि ढेऱ्यांचा ग्रंथही त्यांनीच इंग्रजीत नेला (२०११). त्या महानुभाव नव्हत्या, वारकरीही नव्हत्या. पहिल्या शंकेचे उत्तर मला येथे सापडते.

अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात. मोडी त्याआधी शिकलेली बरी.