चंद्र एकदम हाती येत नाही

पीएल लागली की होस्टेलच्या प्रत्येक खोलीत भिंतीवर एक टाइमटेबल चिकटतं. माझ्याही भिंतीवर होतं : 'सोमवार – एम-थ्री संपवणे.' सोमवार गेला, मंगळवार गेला आणि निकालात विषयच राहिला. पुन्हा राहिला असता तर थेट इयर डाऊन! रात्री जागलो नव्हतो असं नाही. चूक होती ती 'संपवणे' या शब्दात.

आता हे बघा. २५ मे १९६१ रोजी केनेडींनी जाहीर केलं, दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणायचा. त्या दिवशी अमेरिकेच्या गाठीशी मानवी अंतराळ उड्डाण होतं फक्त एक, तेही १५ मिनिटांचं! मग नासाने या एका ध्येयाचे छोटे छोटे प्रश्न केले.

माणूस यानाबाहेर पडून परत आत येऊ शकतो का? जेमिनी-४, जून १९६५. दोन आठवडे अंतराळात राहू शकतो का? जेमिनी-७, डिसेंबर १९६५. दोन यानं अंतराळात जोडता येतात का? जेमिनी-८, मार्च १९६६. चंद्राभोवती फिरून परत येता येतं का? अपोलो-८, डिसेंबर १९६८.

मला सगळ्यात आवडतं ते अपोलो-१०. मे १९६९ मध्ये त्याचे दोन अंतराळवीर चंद्रापासून साधारण १५ किलोमीटरवर पोचले आणि न उतरता परत फिरले. कारण त्यांची पायरी तेवढीच होती. २० जुलै १९६९ ला अपोलो-११ उतरलं ते या सगळ्या पायऱ्यांवरून.

यातून मी तीन गोष्टी घेतल्या :

१) पायरी प्रश्नाच्या रूपात लिहा. 'लाप्लास वाचणे' नको. 'वही मिटून लाप्लासची पाच गणितं सुटतात का?' असं लिहा. उत्तर हो किंवा नाही, मधलं काही नाही.

२) ज्यावाचून पुढचं अडतं ते आधी घ्या. इंटिग्रेशन कच्चं असेल तर लाप्लास कुठून येणार?

३) उत्तर 'नाही' आलं तर टाइमटेबल फाडू नका. तीच पायरी आणखी छोटी करा. पाच नाही तर एक गणित.

पुढच्या अटेम्प्टला एम-थ्री सुटला. मार्क विचारू नका! पण तेव्हापासून माझ्या भिंतीवर टाइमटेबल नसतं. आजचा एकच प्रश्न असतो, आणि झोपण्याआधी त्याचं उत्तर द्यावं लागतं.